चार उत्तरं, खूण एकीवर



आपल्यापैकी कित्येकांच्या घरी नात, नातू किंवा सून नर्सिंग शिकते आहे. शिक्षण संपलं तरी सरकारी लायसन्सची परीक्षा राहतेच. प्रत्येक प्रश्नाखाली चार उत्तरं छापलेली असतात, खूण एकीवर करायची. मी मुंबईला शिकले तेव्हा पानंच्या पानं लिहावी लागत. पाठांतर चांगलं असलं की मुलगी पास. इथे पाठांतर पुरत नाही, कारण चारांपैकी दोन उत्तरं उघड चुकीची असली तरी उरलेली दोन्ही खरी असतात. विचारलेलं असतं, 'कोदेम कोल', म्हणजे सगळ्यांत आधी काय करशील?

आरोग्याच्या सदरात परीक्षा कशाला, असं कुणी म्हणेल. पण त्यातले बरेच पेशंट आपल्याच वयाचे असतात. प्रश्न कसा सोडवायचा हे कळलं की घरी प्रसंग आला तर काय करायचं हेही कळतं.

हा नमुना पाहा. मधुमेहाचा पेशंट, दुपारचं जेवण अजून झालेलं नाही. त्याला दरदरून घाम आला आहे, हात कापतात, बोलणं गोंधळलेलं आहे. नर्सने आधी काय करावं? डॉक्टरला फोन, इन्सुलिन, रक्तातली साखर तपासणे, की फळांचा रस? इन्सुलिन तर जीव घेईल. डॉक्टर पहिलाच प्रश्न विचारेल, "साखर किती?" म्हणून यंत्र हाताशी असताना उत्तर तपासण्याचं. नियम असा की आधी तपास, मग कृती. घरी मात्र यंत्र सापडत नसेल तर शोधत बसू नये. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल, तर अर्धा ग्लास रस किंवा पाण्यात तीन चमचे साखर द्यावी. डाएट कोला चालत नाही, त्यात साखरच नसते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासावं. साखर अजून ७० च्या खाली असेल तर परत तेवढंच द्यावं, आणि बरं वाटलं की जेवायला घालावं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नये, १०१ ला फोन करावा.

हुशार मुलं इथेच फसतात. 'आधी तपास' हा नियम डोक्यात बसला की तेच उत्तर सगळीकडे ठोकतात. पोटाच्या ऑपरेशननंतर टाके सुटून आतडं बाहेर आलं आहे, असं प्रश्नातच लिहिलेलं असेल तर आणखी काय तपासणार? सलाइनने ओली केलेली निर्जंतुक पट्टी त्यावर ठेवायची, पेशंटजवळून हलायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. तपास प्रश्नात झालेला आहे का, हे वाचूनच ठरतं.

दुसरा प्रकार, चार पेशंट आणि एकच नर्स. एकाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले आहेत आणि तो दुखतंय म्हणून ओरडतो. एकाची साखर १८० आहे. एकाला घरी जायचे कागद हवेत. चौथा हृदयाचा रोगी, सकाळपासून दम लागतो म्हणून गप्प उशीला टेकून बसला आहे. आधी चौथ्याकडे जायचं. श्वासाचा मार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण, हा क्रम. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू आहे! कुपात खोलिमच्या दवाखान्यात आपल्यानंतर आलेल्याला आधी आत घेतलं की आपण रागावतो, तेव्हा हे आठवावं.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सत्तरीतल्या बाई, काल नीट बोलत होत्या, आज अचानक असंबद्ध बोलतात. उत्तरांत 'वयोमानाने असं होतं' हे एक असतंच, आणि झोपेची गोळीही. दोन्ही चूक. 'अचानक' हा शब्द पेन्सिलीने गोल करावा. ताप, नाडी, श्वास, ऑक्सिजन तपासायचं. लघवीचा संसर्ग, खमसीनमध्ये पाणी कमी पडणं, नवीन गोळी, कमी झालेला ऑक्सिजन, यांपैकी काहीही असू शकतं. तोंड वाकडं झालं, हात उचलत नाही किंवा जीभ जड झाली असेल तर घड्याळ पाहून वेळ लक्षात ठेवा आणि ताबडतोब १०१.

'नेहमी', 'कधीच नाही' असे शब्द असलेलं उत्तर बहुधा चुकीचं, असं मुलं शिकून येतात. बहुधा खरं आहे. पण पोटॅशियम शिरेत थेट इंजेक्शनने कधीच देत नाहीत, तिथे 'कधीच' बरोबर.

उलटे प्रश्न त्याहून वाईट. 'कुमाडिन घेणाऱ्या पेशंटचं कोणतं वाक्य ऐकून तुम्ही त्याला पुन्हा समजावाल?' म्हणजे चुकीचं वाक्य शोधायचं. 'पालेभाजी रोज साधारण सारखीच खाईन' हे ठीक. 'डोकं दुखलं की अस्पिरीन घेईन' ही खूण करायची जागा, कारण दोन्हींनी मिळून रक्तस्राव होऊ शकतो. (तुमच्यापैकी कोण घेतं, ते मला माहीत आहे.) हिब्रूत 'लमएत' हा एवढासा शब्द, म्हणजे 'हे सोडून', घाईत डोळ्यांतून निसटतो आणि येणारं उत्तर चुकतं.

पहिलं केलेलं उत्तर बदलू नये, असं सगळे सांगतात. मला ते पटत नाही. प्रश्न चुकीचा वाचला होता असं दिसलं तर जरूर बदलावं. नुसती छाती धडधडते म्हणून बदलू नये.

नातीला मदत करायची असेल तर हिब्रू फार यायला नको. ती प्रश्न मोठ्याने वाचेल, तुम्ही चारही उत्तरांवर एक पोस्टकार्ड ठेवा आणि विचारा, "बाळा, पेशंटला आत्ता काय होतंय? तू काय करशील?" तिने आपल्या शब्दांत सांगितल्यावरच कार्ड उचला.