सेवा आणि वेतन

वैद्यकातील स्त्रियांचा इतिहास सांगताना आपण आनंदीबाई जोशी यांच्यापासून आरंभ करतो. १८८६ साली अमेरिकेत डॉक्टरकीची पदवी घेणाऱ्या या बाईंचा अभिमान रास्तच आहे. परंतु इस्पितळ एकट्या डॉक्टरवर चालत नाही. रोग्याच्या उशाशी जागणारे, त्याची घाण काढणारे, बाळंतिणीला धीर देणारे हात बहुधा स्त्रियांचेच असतात.

१८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करतानाच सावित्रीबाई फुले यांना तो रोग जडला व त्यातच त्या गेल्या. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने सेवासदन निघाले. तेथील स्त्रियांना, त्यांत विधवाही होत्या, ससून इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण मिळू लागले. घरात फुकट होणारे काम पोट भरणारा व्यवसाय झाले. हा पालट आम्हांला फार मोठा वाटतो.

पण तो पुरा झालेला नाही. २००५ सालच्या ग्रामीण आरोग्य अभियानातून आशा आल्या. गरोदर बाईची नोंद, मुलांना लसीकरणासाठी आणणे, बाळंतपणाला इस्पितळापर्यंत सोबत, ही कामे अवसरी बुद्रुकसारख्या गावांत आशाच करते. तरी सरकारी कागदावर ती कामगार नव्हे, स्वयंसेविका. तिला मिळतो तो मोबदला, वेतन नव्हे. जून २०२१ मध्ये, करोनाच्या काळात, महाराष्ट्रातील आशांनी संप केला तो वाढीव मोबदल्यासाठी. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला.

सेवा हा शब्द पवित्र खरा. पण त्याच्या आड मजुरी बुडता कामा नये. शाल-नारळाने घर चालत नाही. ज्या ग्रामसभेत आशेचा सत्कार ठरेल, त्याच सभेत तिच्या वेतनाचा ठरावही व्हावा.