पाऊचवरचे कमळ

पेने ठेवायला चेनचे एक पाऊच घेतले. त्यावर कमळाचे छायाचित्र आणि खाली छापलेला अर्थ : ‘पावित्र्य’. छायाचित्रकाराने फूल तेवढे टिपले, चिखल चौकटीबाहेर ठेवला. अर्थ तर तिथेच होता! पंक म्हणजे चिखल. त्यात जन्मते ते पंकज. कंद चिखलात रुतलेला, पण पानावर मेणाचा थर आणि डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. त्यामुळे पाण्याचा थेंब ठरत नाही, धूळ घेऊन घरंगळतो.

आमचे तेर गोरोबाकाकांचे. नामात दंग होऊन चिखल तुडवताना पोटचे मूल त्यांच्या पायांखाली आले, अशी कथा आहे. अशा गावात चिखलाला अपवित्र कोण म्हणेल? मी पाऊचवर शाईने चिखल काढून पाहिला. प्लॅस्टिकवर शाई ठरत नाही, हा भाग वेगळा.