रुग्णापुरता ‘क्ष’ अजून अज्ञातच

बीजगणितात जी राशी ठाऊक नसते तिला ‘क्ष’ म्हणण्याची रीत आहे. 8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीतील वुर्ट्झबुर्ग येथील प्रयोगशाळेत विल्हेल्म रॉन्टगेन यांना जे अदृश्य किरण गवसले त्यांचे स्वरूप खुद्द त्यांनाही उलगडले नव्हते. म्हणूनच त्यांनी त्यांना अज्ञाताचे हे चिन्ह बहाल केले. पुढे त्यांचे स्वरूप उलगडले, 1901 मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक रॉन्टगेन यांना लाभले आणि त्यांनी पेटंट न घेतल्यामुळे हा शोध साऱ्या जगाच्या मालकीचा झाला. शास्त्राच्या लेखी ‘क्ष’ केव्हाच सुटला. मात्र ज्याच्या देहातून हे किरण नित्य आरपार जातात त्या सामान्य रुग्णापुरता तो अद्याप अज्ञातच राहिला आहे.

निलंगा तालुक्यातील एखाद्या शेतकरी कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. घरातील म्हाताऱ्याचा खोकला हटत नाही, डॉक्टर ‘छातीचा फोटो’ काढावयास सांगतात. मग लातूर, प्रसंगी बिदर, सोलापूर किंवा हैदराबाद. दवाखाना बदलला की तपासणी पुन्हा नव्याने. एक्स-रे, सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय हे सारे शब्द घरात येतात. परंतु त्या सर्वांचा अर्थ एकच लावला जातो : मोठे यंत्र, मोठा फोटो आणि मोठी रक्कम. 2025-26 च्या हंगामासाठी सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलला 5,328 रुपये ठरविण्यात आला. खासगी केंद्रातील एमआरआय तपासणीचा खर्च बहुधा याच घरात जातो. म्हणजे क्विंटलभर सोयाबीन देऊन माणूस जी वस्तू विकत घेतो ती काय आहे, हे त्याला सांगता येत नाही.

अज्ञानी ग्राहक

बाजारात वांगी घेताना गिऱ्हाईक ती हातात घेऊन पाहते; बैल घेताना शेतकरी त्याचे दात तपासतो. वैद्यकीय सेवेच्या बाजारात मात्र विकणाऱ्यालाच सारे ठाऊक आणि घेणाऱ्याला काहीच नाही, अशी स्थिती असते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी 1963 मधील आपल्या गाजलेल्या निबंधात हीच विषमता वैद्यकीय अर्थकारणाच्या मुळाशी असल्याचे दाखवून दिले. या विषमतेचे दुष्परिणाम दोन्ही टोकांना होतात. कोणी ‘मोठी तपासणी केल्याखेरीज रोग कळत नाही’ अशा समजुतीने स्वतःच डॉक्टरांकडे स्कॅनचा आग्रह धरतो. तर कोणी किरणांच्या धास्तीने क्षयरोगाची साधी तपासणीही टाळतो आणि घरभर रोग पसरवितो. एकाचा पैसा जातो, दुसऱ्याचा जीव. दोहोंचे कारण एकच.

यावर भाषणे आणि भित्तिपत्रके हा उपाय नव्हे. जे डोळ्यांना दिसत नाही ते केवळ कानांनी पटत नाही. ते हाताने करून पाहावे लागते. मुंबईत वरळी येथील नेहरू विज्ञान केंद्र 1985 मध्ये जनतेला खुले झाले ते याच तत्त्वावर. ‘वस्तूंना हात लावू नये’ ही संग्रहालयातील जुनी पाटी तेथे उलटी झाली. विज्ञान प्रदर्शन बसमधून गावोगाव नेण्याचा उपक्रमही आपल्या देशात 1965 पासून, कोलकात्यातील बिर्ला संग्रहालयाच्या पुढाकाराने, सुरू आहे. हीच पद्धत रोगनिदानाच्या किरणांना लावून एखादे लहानसे प्रदर्शन निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी का उभे राहू नये?

न्यूयॉर्कचा धडा

अर्थात या कल्पनेला एक इशाराही जोडलेला आहे. शोधाला वर्षही झाले नव्हते तेव्हा, मे 1896 मध्ये, न्यूयॉर्कच्या विद्युत प्रदर्शनात एडिसन यांनी या किरणांचे दालन मांडले. पडद्यामागे हात धरून स्वतःची हाडे पाहण्यासाठी लोकांची रीघ लागली. लोकशिक्षणाचा याहून थेट प्रकार दुसरा नव्हता. पण किरणांचा दाहक गुण तेव्हा कोणाला उमगला नव्हता. एडिसन यांचे साहाय्यक क्लॅरन्स डॅली यांचे हात या कामात भाजत गेले, कापावे लागले, आणि 1904 मध्ये ते कर्करोगाने दगावले. तरीही पाश्चात्त्य देशांतील जोड्यांच्या दुकानांत पुढे कित्येक वर्षे मुलांच्या पायांची हाडे गंमत म्हणून दाखविली जात. कुतूहल आणि विवेक यांची फारकत झाली की काय होते, याचा हा दाखला. म्हणून आजच्या प्रदर्शनात किरण नकोतच. साधा प्रकाश, ध्वनी आणि धान्य एवढ्यावर सारे समजावता येते.

ज्वारीचे दाणे

एका मेजावर दिवा आणि पडदा असावा. मधे धरलेला हात पडद्यापासून दूर नेला की सावली मोठी व अस्पष्ट होते, जवळ आणला की रेखीव होते. छाती पाटीला घट्ट टेकवून ‘श्वास रोखा’ असे का सांगतात, हे मग सांगावे लागत नाही. शेजारी उजेडाच्या पेटीवर जुन्या फिल्म लावाव्यात. अर्थात रुग्णांची नावे खोडून. हवा काळी, मांस करडे, हाड पांढरे ही लिपी पाच मिनिटांत वाचता येते. लहान मुलाच्या मनगटातील वाढीची कूर्चा फिल्मवर फटीसारखी दिसते. ते हाड मोडलेले नसून वाढणारे आहे, हे कळल्यावर पालकाच्या चेहऱ्यावरील भाव पाहण्यासारखा असेल.

सोनोग्राफीसाठी तर दृष्टांत घरचाच आहे. आडात डोकावून हाक मारली की प्रतिध्वनी येतो, आणि तो किती वेळाने आला यावरून पाण्याची खोली अजमावता येते. सोनोग्राफीत किरण नसतात, असतो तो असाच ध्वनी. फक्त कानाला ऐकू न येणारा. येथेच आणखी एक गोष्ट सांगितली गेली पाहिजे. याच निरुपद्रवी ध्वनीचा उपयोग मुलीचा गर्भ हुडकण्यासाठी झाला, म्हणून महाराष्ट्राला 1988 मध्ये देशात सर्वप्रथम कायदा करावा लागला आणि 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला. यंत्र निर्दोष असते. प्रश्न विचारणाऱ्याचा हेतू दोषी असू शकतो.

सर्वांत महत्त्वाचा असेल तो तराजू. दर दाण्याला एक दशांश मिलिसिव्हर्ट किरणोत्सार असे धरून ज्वारीचे दाणे पारड्यात टाकावेत. छातीच्या साध्या एक्स-रेचा एक दाणा, पुष्कळदा तोही पुरता नाही. माती, हवा, अन्न आणि आकाश यांतून जगातील सरासरी माणसाला निसर्गतः वर्षभरात मिळणारे दाणे चोवीस. छातीच्या एका सीटी स्कॅनचे साठ-सत्तर. सोनोग्राफी आणि एमआरआयचे पारडे रिकामे. एक्स-रेला भिणाऱ्याची भीती आणि सीटी स्कॅनचा हट्ट धरणाऱ्याचा हट्ट हे दोन्ही या एका तराजूवर उतरतील.

प्रश्न विचारणारा रुग्ण

अर्धवट ज्ञानाने रुग्ण डॉक्टरांशी हुज्जत घालतील, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. अपघातात डोक्याला मार लागलेल्या माणसाच्या बाबतीत सीटी स्कॅन प्राण वाचविते. तेथे दाणे मोजत बसणे हा मूर्खपणा ठरेल, हेही त्या तराजूशेजारीच लिहिलेले असावे. प्रदर्शनाचे काम रुग्णाला डॉक्टर करण्याचे नाही. या तपासणीने उपचारात काय फरक पडेल? जुनी फिल्म चालेल का? गर्भवती स्त्रीसाठी दुसरा मार्ग आहे का? केंद्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का? एवढे चार प्रश्न नम्रपणे विचारण्याचे बळ त्याला मिळाले तरी पुष्कळ झाले. चांगल्या डॉक्टरला या प्रश्नांचे ओझे वाटणार नाही.

राहिला प्रश्न साधनांचा. लातूर जिल्ह्याने वैद्यकीय प्रवेशपरीक्षांत नाव कमावले आहे. क्ष-किरणांची सूत्रे येथील हजारो विद्यार्थी तोंडपाठ म्हणून दाखवतील. परंतु स्वतःच्या आजोबांची फिल्म उजेडाला धरून त्यांना ती समजावून देणारे किती निघतील? महाविद्यालयांनी एक दालन द्यावे, विद्यार्थ्यांनी समजावून सांगण्याचे काम पत्करावे, स्थानिक डॉक्टरांनी मजकूर तपासून द्यावा. 2012 पासून 8 नोव्हेंबर हा रेडिओलॉजी दिन म्हणून जगभर पाळला जातो. त्या सुमारास सोयाबीनची रास झालेली असते, आठवडी बाजार भरलेला असतो आणि शेतकऱ्याच्या हाती थोडा पैसा व थोडी सवड असते. त्या पैशातून वर्षभरात दवाखान्याची वाट किती धरील, हे कोणी सांगू शकत नाही. ती वाट निदान डोळसपणे धरली जावी, एवढी व्यवस्था मात्र एक दिवा, एक तराजू आणि पसाभर ज्वारी यांच्या जोरावर करता येण्यासारखी आहे.