वनांतील जलांशाचे सूक्ष्मतरंग सुदूर संवेदन

वनांतील जलांशाचे सूक्ष्मतरंग सुदूर संवेदन ही झाडांची पाने, फांद्या व खोडे यांत साठलेल्या पाण्याचा उपग्रहाच्या साहाय्याने अंदाज घेण्याची पद्धत आहे. पाने पिवळी पडण्यापूर्वीच झाडातील पाणी घटू लागते. त्यामुळे अवर्षणाचा ताण व वणव्याचा धोका वेळीच ओळखण्यासाठी हे मापन उपयोगी ठरते.

तत्त्व

सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात पाण्याचा परावैद्युत स्थिरांक सुमारे ८० असतो. कोरडे लाकूड व कोरडी माती यांचा तो बहुधा ५ पेक्षा कमी भरतो. म्हणून जलांश बदलला की तरंगांचे शोषण व विकिरणही बदलते. हे तरंग ढगांतून पार होत असल्याने पावसाळ्यातही निरीक्षण करता येते. आखूड तरंग पानांच्या वरच्या थरातच अडतात, तर लांब तरंग फांद्या, खोडे व जमिनीपर्यंत पोहोचतात.

पद्धती

निष्क्रिय पद्धतीत जमिनीतून निसर्गतः बाहेर पडणारे सूक्ष्मतरंग मोजतात. झाडांतील पाणी त्यांचा काही भाग शोषून घेते. या क्षीणनाच्या मापास ‘ऑप्टिकल डेप्थ’ म्हणतात. युरोपचा स्मॉस (२००९) व अमेरिकेचा स्मॅप (२०१५) हे उपग्रह या पद्धतीने काम करतात.

सक्रिय पद्धतीत रडार स्वतः तरंग सोडून त्यांचा प्रतिध्वनी मोजते. नासा व इस्रो यांचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोटा येथून प्रक्षेपित झाला. त्यावर सुमारे २४ सेंमी व सुमारे ९ सेंमी तरंगलांबीची दोन रडारे आहेत. तो दर १२ दिवसांनी त्याच मार्गावरून जातो.

विरळ वनांतील अडचण

पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतील कळस (ता. इंदापूर) व लगतचा बारामती तालुका येथील वन प्रामुख्याने माळरानाचे आहे. गवत आणि बाभूळ, बोर, हिवर यांसारखी विखुरलेली काटेरी झाडे त्यात आढळतात. अशा ठिकाणी तरंग सहज जमिनीपर्यंत जातात व झाडांतील पाण्याचा संकेत मातीच्या ओलाव्यात मिसळतो. वळवाच्या एका सरीने रडारचा प्रतिध्वनी वाढतो. मात्र त्यावरून झाडांना पाणी मिळाले, असे म्हणता येत नाही.

दुसरी अडचण क्षेत्राची आहे. स्मॅपच्या एका निरीक्षणात सुमारे ४० किमी लांबी-रुंदीचा, म्हणजे साधारण १,६०० चौ. किमी भूभाग एकत्र मोजला जातो. बारामती तालुक्यातील मयूरेश्वर अभयारण्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौ. किमी आहे. साहजिकच माळाचा कोरडेपणा शेजारच्या कालव्यावरील उसाच्या ओलाव्यात झाकला जातो. रडारची प्रतिमा अधिक सूक्ष्म असल्याने माळ व ऊस वेगळे दिसतात. पण माती व झाड यांची फारकत तरीही करावीच लागते.

पडताळणी

ही फारकत करण्यासाठी दोन तरंगलांबींची तुलना करतात आणि कोरड्या व ओल्या दिवसांच्या नोंदी ताडून पाहतात. अंतिम कसोटी मात्र जमिनीवरच लागते. ताजी पाने वजन करून, भट्टीत वाळवून पुन्हा तोलतात. १०० ग्रॅम पाने वाळून ४० ग्रॅम उरली, तर ६० ग्रॅम पाणी होते. शुष्क वजनाच्या तुलनेत जलांश १५० टक्के येतो. अशा नोंदींशी जुळवल्याशिवाय उपग्रहाच्या आकड्यावरून विरळ वनातील जलांश ठरवणे विश्वसनीय नसते.