समेटाच्या कार्यातील सोबती : कॅनडातील शाळांचा धडा

कॅनडा देशात मूळ रहिवाशांचे तीन समुदाय राज्यघटनेने मानलेले आहेत : फर्स्ट नेशन्स, इन्यूइट व मेटी. या समुदायांशी ‘समेट’ साधण्याचा विषय आज तेथील शाळाशाळांतून शिकविला जातो. समेट म्हटला की दोघांचे भांडण मिटविणे असा अर्थ सहज मनात येतो. परंतु हे भांडण बरोबरीच्या दोघांचे नव्हते. एका पक्षाने दुसऱ्याची मुले नेली होती, आणि ती नेण्याचे साधन शाळा हेच होते. म्हणून प्राथमिक शिक्षकाने हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपीठिका : इ. स. १८८३ पासून कॅनडा सरकारने चर्चसंस्थांच्या हाती निवासी शाळांची व्यवस्था सोपविली व ती विस्तारत नेली. मुलांना घर, भाषा व चालीरीती यांपासून तोडावे म्हणजे ती ‘सुधारतील’, हा या शाळांमागील हेतू होता. १९२० च्या कायद्याने ७ ते १५ वर्षांच्या मुलांवर सक्तीची हजेरी लादण्याचा अधिकार सरकारला मिळाला. सुमारे दीड लाख मुले या शाळांतून गेली. तेथे त्यांचे केस कापले जात आणि मातृभाषेत बोलल्यास शिक्षा होई. अनेक मुले घरी परतलीच नाहीत. डॉ. पीटर ब्राइस या सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याने १९०७ मध्येच कोंदट खोल्या, क्षयरोग व मुलांचे मृत्यू यांविषयी अहवाल दिला होता. परंतु त्याच्या शिफारशींकडे दुर्लक्ष झाले. या व्यवस्थेतील अखेरच्या शाळा १९९० नंतरच्या दशकात बंद पडल्या.

आयोगाचे कार्य : शाळांतून वाचलेल्या लोकांनी न्यायालयात दाद मागितली. त्यातून झालेल्या तडजोडीनुसार २००८ मध्ये सत्य व समेट आयोग स्थापन झाला. त्याच वर्षी ११ जून रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांनी संसदेत क्षमा मागितली. न्यायमूर्ती मरे सिंक्लेअर हे पुढे आयोगाचे अध्यक्ष झाले. ते स्वतः अनिशिनाबे समाजातील होते. आयोगाने सहा हजारांहून अधिक लोकांचे कथन ऐकले व २०१५ मध्ये ९४ आवाहने प्रसिद्ध केली. आयोगाच्या नावातील ‘सत्य’ हा शब्द ‘समेट’ या शब्दाच्या आधी येतो. घडले ते मान्य केल्यावाचून समेटाची भाषा पोकळ ठरते, हे त्याचे कारण होय. शिक्षणानेच ही दुःस्थिती ओढवली आणि शिक्षणच तिच्यातून मार्ग काढील, असे सिंक्लेअर सांगत असत.

सोबती कोणास म्हणावे? मूळ रहिवासी नसलेल्या व्यक्तीने या कार्यात साह्य कसे करावे, याविषयी पुढील गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत.

(१) प्रथम ऐकावे. दुःख ज्याचे, त्याचे शब्द आधी. सल्ला मागितला तरच द्यावा.

(२) स्वतः अभ्यास करावा. आपण राहतो ती भूमी कोणाची होती व तेथे कोणते करार झाले, हे ग्रंथांतून शोधावे. पीडितांनी पुनःपुन्हा आपली जखम उघडी करून दाखवावी, अशी अपेक्षा धरू नये.

(३) पुढारीपण घेऊ नये. सोबत्याची जागा पाठीशी असते. ‘सोबती’ ही पदवी स्वतः लावून घेण्याची नव्हे; ती दुसऱ्याने ओळखावयाची असते.

(४) नुसत्या हळहळीवर थांबू नये. शाळेचे पुस्तक, कचेरीतील नियम, मुलांच्या तोंडचा टिंगलीचा शब्द, यांपैकी आपल्या हातचे जे असेल ते सुधारावे.

वर्गातील उदाहरण : फिलिस वेबस्टॅड या सहा वर्षांच्या मुलीला १९७३ मध्ये शाळेत जाताना आजीने नवा नारिंगी सदरा घेऊन दिला होता. पहिल्याच दिवशी तो काढून घेण्यात आला व पुन्हा मिळाला नाही. त्यांच्या या आठवणीवरून २०१३ मध्ये ३० सप्टेंबर हा ‘नारिंगी सदऱ्याचा दिवस’ पाळण्यास आरंभ झाला. २०२१ पासून हाच दिवस सत्य व समेट यांचा राष्ट्रीय दिन म्हणूनही पाळला जातो. लहान मुलांना मृत्यूंचे आकडे पेलत नाहीत. परंतु आवडता सदरा गेल्याचे दुःख त्यांना तत्काळ उमगते. मात्र एक दिवस नारिंगी कपडे घातले आणि वर्षभर विषय काढला नाही, तर तो केवळ उपचार होतो.

नव्याने आलेल्यांचे कर्तव्य : कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांचाही या विषयाशी संबंध येतो. २०२१ मध्ये आयोगाच्या आवाहनानुसार नागरिकत्वाची शपथ बदलण्यात आली व मूळ रहिवाशांच्या हक्कांचा उल्लेख तीत आला. त्या शाळा नवागतांनी चालविल्या नाहीत हे खरे. पण त्या देशाचे नागरिकत्व घेताना त्याच्या वचनांचा भारही स्वीकारावा लागतो.

महाराष्ट्राचा इतिहास निराळा आहे व त्याची कॅनडाशी सरसकट तुलना करता येणार नाही. तथापि येथेही वारली, भिली, कोरकू, गोंडी बोलणारी मुले पहिलीच्या वर्गात येऊन बसतात. अल्पसंख्य भाषिक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे भारतीय संविधानाचा १९५६ मध्ये आलेला अनुच्छेद ३५०-अ सांगतो. ती सोय पूर्ण होईपर्यंतही शिक्षकाच्या हाती बरेच काही असते. मुलाने पाण्याला आपल्या घरचा शब्द वापरला असता तो चुकीचा ठरवून त्यास गप्प करावे, की तो शब्द फळ्यावर लिहून त्याशेजारी मराठी शब्द मांडावा, हा निर्णय त्या वर्गात त्या क्षणी शिक्षकच करीत असतो. पहिल्या मार्गाने मूल आपल्या घराची लाज बाळगू लागते. दुसऱ्या मार्गाने त्यास दोन भाषा येतात, आणि वर्गातील इतर मुलांनाही एक नवा शब्द मिळतो.