मंदीत शेतकऱ्याच्या दारी आधी कोण येतं?

डिसेंबर १९३६ च्या अखेरीला खानदेशात यावल तालुक्यातल्या फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं हे पहिलंच अधिवेशन. धनाजी नाना चौधरींसारखे स्थानिक कार्यकर्ते महिनोन्‌महिने राबले होते, साने गुरुजी स्वयंसेवक गोळा करत गावोगाव हिंडले होते आणि बांबूंच्या मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. अध्यक्ष होते जवाहरलाल नेहरू. भांडवलशाही अडचणीत सापडली की ती फॅसिझमचा आधार घेते, ही मांडणी त्यांनी त्याच वर्षी लखनौच्या अधिवेशनात केली होती. फैजपूरला त्यांच्या भाषणात स्पेनमधलं यादवी युद्धही होतं. त्याच सुमारास, त्याच गावात, प्रा. रंगा यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय किसान सभेचं अधिवेशन झालं. त्यासाठी भुस्कुटे आणि बुखारी यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा जथा मनमाडहून पायी आला होता.

स्पेनची लढाई आणि खानदेशातला कापूस यांचा संबंध त्या श्रोत्यांना फारसा समजावून सांगावा लागला नसेल. १९२९ च्या जागतिक मंदीने कापसाचे भाव दोन-तीन वर्षांत निम्म्यापर्यंत खाली आणले होते. सावकाराचं कर्ज मात्र रुपयांत होतं आणि सरकारचा सारा रोख भरायचा होता. ज्या देण्याला आधी दोन गाड्या कापूस पुरायचा, त्यालाच आता चार गाड्या लागत. शेत तेवढंच, राबणारी माणसं तीच, पाऊसही बरा, आणि तरी घर बुडत चाललेलं. अशा वेळी माणूस कारण शोधू लागतो. न्यूयॉर्कचा शेअर बाजार त्याला दिसत नाही. त्याला सावकार दिसतो, परक्या धर्माचा शेजारी दिसतो, नाहीतर आपल्याहून गरीब मजूर दिसतो.

जर्मनीतही हेच घडत होतं. त्या देशाच्या उत्तर भागात श्लेस्विग-होल्स्टाइन नावाचा प्रांत आहे. तिथले लहान-मध्यम शेतकरी १९२८ पासूनच कर्जाने पिचले होते. जप्तीचे लिलाव रोखायला गावं एकत्र येत आणि काळे झेंडे घेऊन मोर्चे निघत. डाव्या पक्षांचा जीव शहरी कामगारांत गुंतलेला होता. शेतकऱ्यासाठी त्यांचा कार्यक्रम उशिरा आला आणि गावापर्यंत तर तो जेमतेमच पोहोचला. नाझी कार्यकर्ते मात्र खेड्यापाड्यांत सभा घेत राहिले आणि सगळ्या दुखण्याचं खापर ज्यूंवर नि प्रजासत्ताकावर फोडत राहिले. देशभरात १९२८ मध्ये नाझींना २.६ टक्के मतं होती. १९३० मध्ये ती १८.३ आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर गेली. श्लेस्विग-होल्स्टाइनमध्ये त्या वेळी त्यांना ५१ टक्के मतं पडली.

कर्ज दोन्हीकडे होतं, भावही दोन्हीकडे पडलेले होते. फरक पडला तो शेतकऱ्याच्या दारी आधी पोहोचलेल्या माणसामुळे. फैजपूरच्या अधिवेशनाने तेरा कलमांचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर केला. साऱ्यात आणि खंडात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, वेठबिगारी बंद, शेतकरी संघांना मान्यता, शेतमजुराला पोटापुरती मजुरी अशा त्यातल्या मागण्या होत्या. साने गुरुजींनी १९३८ मध्ये अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढलं आणि शेतकऱ्या-कामगारांची गाऱ्हाणी त्यात मांडली. मुंबई प्रांतातल्या काँग्रेस सरकारच्या काळात १९३९ मध्ये शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा झाला. त्याच सरकारने १९३८ मध्ये संपावर बंधनं घालणारा कायदाही केला आणि गिरणी कामगारांचा रोष ओढवून घेतला, हेही नोंदवायला हवं. तरीही खानदेशातल्या संतापाला सारा, व्याज आणि मजुरी या खऱ्या जागा दाखवणारी माणसं इथे होती.

फॅसिझमला आणखी एक वाट असते आणि ती वरून खाली येते. इटलीत पो नदीच्या खोऱ्यातल्या शेतमजुरांनी पहिल्या महायुद्धानंतर संघटना बांधून मजुरीचे करार पदरात पाडून घेतले. १९२०-२१ मध्ये तिथल्या बड्या जमीनदारांनी काळ्या डगल्यांच्या टोळ्यांना पैसा आणि ट्रक पुरवले. या टोळ्या रात्री येत, मजूर संघांच्या कचेऱ्या आणि सहकारी दुकानं जाळत आणि पुढाऱ्यांना मारहाण करत. पोलीस बहुधा बघत राहत. ऑक्टोबर १९२२ मध्ये मुसोलिनी पंतप्रधान झाला, तोवर गावागावांतला विरोध मोडून पडला होता.

या दुसऱ्या वाटेची खूण पुढे खानदेशातही दिसली. शहादा तालुका १९७० च्या सुमारास धुळे जिल्ह्यात होता. तिथल्या आदिवासींच्या जमिनी पिढ्यान्‌पिढ्या कर्जापोटी गेल्या होत्या आणि त्याच जमिनींवर ते सालदार म्हणून राबत होते. सुधारित बियाणं, पाणी आणि सहकारी पतपुरवठा आल्यावर बागायतदाराची भरभराट झाली. सालदाराचं साल मात्र होतं तिथेच राहिलं. पिकांच्या राखणीच्या नावाने पीक संरक्षण सोसायट्यांचे पगारी राखणदार फिरू लागले आणि त्यांचा धाक मजुरांनाच बसला. १९७१ मध्ये पाटीलवाडीला धान्यासाठी जमलेल्या आदिवासींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ३० जानेवारी १९७२ रोजी शहाद्याला भूमुक्ती परिषद झाली. अंबरसिंग सुरतवंती, सर्वोदयी कार्यकर्ते आणि नंतरच्या श्रमिक संघटनेचे तरुण यांनी दुष्काळाच्या त्या वर्षांत मजुरी, गेलेली जमीन आणि रोजगार हे प्रश्न लावून धरले. बाया गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडत. पुढे १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा राज्याने केला. शहाद्याचे बागायतदार फॅसिस्ट होते, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण मालमत्तेला धक्का बसेल असं वाटू लागलं की कायद्याबाहेरची काठी कशी पोसली जाते, ते सातपुड्याच्या पायथ्याशीही दिसलं.

१९३० च्या दशकात फॅसिझमच्या विचारांचीही ये-जा चालू होती. हिंदू महासभेचे डॉ. बा. शि. मुंजे १९ मार्च १९३१ रोजी रोममध्ये मुसोलिनीला भेटले. फॅसिस्टांच्या युवक संघटना पाहून ते भारावले. तरुणांच्या लष्करी शिक्षणाचा ध्यास घेतलेल्या मुंज्यांनी पुढे १९३७ मध्ये नाशिकला भोसला मिलिटरी स्कूल उभारलं.

संकटाचं खापर कुणावर फोडायचं, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर राज्यात शहरी बेकारीच्या रूपात पुढे आला. दुष्काळ, महागाई आणि जून १९६६ मधलं रुपयाचं अवमूल्यन अशा काळात त्याच महिन्यात मुंबईत शिवसेना स्थापन झाली. मराठी तरुणाच्या नोकरीचा प्रश्न खराच होता. उत्तर म्हणून त्याला दाक्षिणात्य कारकून दाखवला गेला आणि पाठोपाठ लाल बावट्याची युनियन. पुढे १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचा कणा मोडला. खानदेशातल्या गिरण्याही वाचल्या नाहीत. अमळनेरची प्रताप मिल बंद पडली, आणि जळगावात खानदेश मिलच्या जागेवर आता ‘खान्देश सेंट्रल’ उभं आहे. भोंग्याबरोबर गेट मीटिंगही संपली. वेगवेगळ्या जातीधर्मांचे लोक एका मागणीसाठी जिथे उभे राहत, ती जागाच उरली नाही.

प्रत्येक दंगलीचं मूळ बाजारभावात शोधणंही चूक ठरेल. ८ मे १९७० रोजी जळगावात झालेल्या दंगलीत ४३ माणसं मेली. त्यातली ४२ मुसलमान होती. भिवंडीतल्या दंगलीची ठिणगी आदल्याच दिवशी पडली होती. न्या. डी. पी. मादन आयोगाने जातीय संघटनांनी आधीपासून तापवलेल्या वातावरणावर बोट ठेवलं. धुळ्यात ६ जानेवारी २०१३ रोजी हॉटेलच्या बिलावरून वाद पेटला आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा मुसलमान तरुणांचा जीव गेला. मंदीमुळे फार तर वाळलेलं गवत साचतं. काडी ओढणारे हात वेगळे असतात, आणि त्यांची नावं घेतल्याशिवाय विश्लेषण पुरं होत नाही.

जगाचा अनुभवही असाच आहे. तिघा जर्मन अर्थतज्ज्ञांनी वीस प्रगत देशांतल्या १४० वर्षांच्या निवडणुका तपासल्या. बँका बुडण्यासारख्या आर्थिक संकटानंतर अति-उजव्या पक्षांची मतं सरासरी तीस टक्क्यांनी वाढतात, असं त्यांना आढळलं. ग्रीसमध्ये ‘गोल्डन डॉन’ला २००९ मध्ये अर्धा टक्कासुद्धा मतं नव्हती. कर्जसंकटानंतर २०१२ मध्ये ती सात टक्क्यांच्या घरात गेली. पण १९३३ साली, मंदीच्याच काळात, स्वीडनमध्ये कामगारांचा पक्ष आणि शेतकऱ्यांचा पक्ष यांनी समझोता केला. शेतमालाला आधारभाव आणि बेकारांना काम मिळालं, आणि तिथला फॅसिझम वाढलाच नाही.

आता आजचा कापूस. २०२१-२२ च्या हंगामात क्विंटलला दहा हजारांवर गेलेला भाव पुढच्या वर्षी कोसळला. भाव चढेल या आशेने खानदेशात घराघरांत कापूस साठला, आणि त्या ढिगाशेजारी झोपणाऱ्या लेकरांच्या अंगाला खाज सुटू लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क उठवलं आणि ही सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. हमीभाव मिळवायला मोबाइलवर नोंदणी लागते आणि ओलावा बारा टक्क्यांच्या आत असावा लागतो. केंद्रावरच्या यंत्राने जास्त आकडा दाखवला की गाडी परत फिरते आणि व्यापारी सांगेल त्या भावाला रिकामी होते.

त्या गाडीवाल्याच्या खिशातल्या फोनवर संध्याकाळी काय येतं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. आयातशुल्काचा हिशोब तिथे कुणी पाठवत नाही. अमक्या समाजापासून सावध राहा, हे मात्र रोज येतं. शेतकरी संघटना, युनियन आणि सहकारी संस्था दुबळ्या झाल्यामुळे या मजकुराला गावात उत्तर देणारं कुणी उरलेलं नाही. लोक मूळचेच द्वेष्टे आहेत, असं म्हणून हात झटकणारे सुशिक्षित या पोकळीला तितकेच जबाबदार आहेत.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या शिक्षकांना, वकिलांना, युनियनच्या जुन्या कार्यकर्त्यांना आणि हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाला विनंती आहे. दिवाळीनंतर कापूस बाजारात येईल, तेव्हा खरेदी केंद्रावरच्या रांगेत जाऊन उभे राहा. नोंदणी अडलेल्याचा फोन हातात घ्या, विमा नाकारलेल्याचा अर्ज लिहून द्या, शुल्क कुणी आणि का उठवलं ते अहिराणीतून समजावून सांगा. आणि त्या रांगेतल्या मुसलमान, भिल्ल, पाटील, कोळी अशा सगळ्यांची सही एकाच निवेदनावर घ्या.