कुंपणापलीकडचे सत्य

विज्ञानपट म्हटले की सामान्य प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर अवकाशयाने, परग्रहवासी आणि यंत्रमानव उभे राहतात. परंतु या प्रकारातील काही महत्त्वाच्या चित्रपटांत अशी आतषबाजी जवळजवळ नसतेच. तेथे एक सुव्यवस्थित शहर असते, आज्ञाधारक नागरिक असतात आणि भोवती एक कुंपण असते. पलीकडे जगण्याजोगे काहीच नाही, असे नागरिकांना सांगितलेले असते. एके दिवशी त्यांच्यापैकी एकाला शंका येते आणि कथेला प्रारंभ होतो.

इंग्रज विचारवंत थॉमस मोर याने १५१६ साली एका आदर्श बेटाचे वर्णन करून त्याला ‘यूटोपिया’ असे नाव दिले. त्याच्या विरुद्ध टोकाची, दुःस्वप्नासारखी समाजव्यवस्था ती ‘डिस्टोपिया’. जॉन स्टुअर्ट मिलने १८६८ मध्ये ब्रिटिश संसदेतील एका भाषणात या अर्थाचा शब्द वापरला होता. विसाव्या शतकातील हुकूमशाही राजवटी जगाने पाहिल्यानंतर ती निव्वळ कल्पना राहिली नाही.

या चित्रपटांचा नायक बहुधा हद्दपार होतो. वनवास आपल्याला नवा नाही. पण रामाचा वनवास चौदा वर्षांचा होता आणि पांडवांचा अज्ञातवास एका वर्षाचा. दोहोंना मुदत होती, परतीची वाट होती. डिस्टोपियातील हद्दपारीला मुदत नसते. शिवाय ती केवळ सत्य बोलल्याची शिक्षा नसते; सत्य कळण्याची ती जणू पूर्वअटच असते, कारण आत राहणाऱ्याला कुंपण जाणवत नाही. मग सापडलेल्या सत्याचे त्या एकट्या माणसाने करायचे काय? या प्रश्नाची वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी दिलेली उत्तरे अभ्यासण्यासारखी आहेत.

‘टीएचएक्स ११३८’ (१९७१) हा जॉर्ज ल्यूकसचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. ‘स्टार वॉर्स’च्या सहा वर्षे आधीचा. येथील माणसे भूमिगत शहरात राहतात. त्यांना नावांऐवजी अक्षरे आणि आकडे आहेत. भावना दडपणारी औषधे घेणे सक्तीचे आहे आणि प्रेम हा गुन्हा आहे. मन मोकळे करण्यासाठी कक्ष आहेत, पण तेथे ध्वनिमुद्रित आवाज ठरावीक सांत्वन ऐकवतो. म्हणजे नायक हद्दपार होण्यापूर्वीच एकटा आहे. पुढे त्याला ज्या तुरुंगात टाकले जाते, त्याला भिंतीच दिसत नाहीत. सर्वत्र केवळ पांढराशुभ्र अवकाश. बाहेर जाण्याची वाट नाही असे गृहीत धरून कैदी तेथे चर्चा करीत बसतात. नायक चालू लागतो आणि वाट सापडते. पाठलाग करणारे यंत्रपोलीस अखेर थांबतात ते दयेपोटी नव्हे, तर मोहिमेचा खर्च मंजूर रकमेपलीकडे गेला म्हणून. शेवटच्या दृश्यात एक इवलीशी मानवी आकृती भल्यामोठ्या सूर्यबिंबासमोर उभी आहे. सत्य हाती आले आहे. पण प्रेयसी मरण पावली आहे, सोबती वाटेतच गमावला आहे. हे सत्य सांगायचे तरी कोणाला?

फ्रान्स्वा त्रुफोचा ‘फॅरनहाइट ४५१’ (१९६६) या प्रश्नाचे उत्तर देतो. रे ब्रॅडबरीच्या १९५३ सालच्या कादंबरीवर आधारलेला हा त्रुफोचा एकमेव इंग्रजी चित्रपट. येथील अग्निशामक दल आग विझवत नाही, पुस्तके जाळते. चित्रपटाची श्रेयनामावलीही पडद्यावर लिहून येत नाही, ती बोलून दाखवली जाते. अक्षरांना बंदी असलेल्या जगात प्रेक्षकाचा प्रवेश असा पहिल्याच क्षणी होतो. जाळण्यासाठी आणलेले एक पुस्तक माँटॅग नावाचा कर्मचारी लपवतो, वाचू लागतो आणि घरातच परका होतो. भिंतीवरील दूरचित्रवाणीत रमलेली त्याची पत्नीच अखेर त्याच्याविरुद्ध तक्रार करते. तो पळून नदीपलीकडच्या रानात पोहोचतो. तेथे त्याच्यासारखेच परागंदा झालेले लोक भेटतात आणि त्यांच्यापैकी प्रत्येकाने एकेक पुस्तक मुखोद्गत केलेले असते. दरम्यान दूरचित्रवाणीवर माँटॅग मारला गेल्याचे दृश्य दाखवले जाते. मारलेला माणूस वेगळाच असतो. सरकारला प्रेक्षकांसमोर शेवट हवा असतो, एवढेच. इकडे एक मरणासन्न म्हातारा आपले पुस्तक लहान मुलाकडून पाठ करून घेत असतो. मौखिक परंपरेने ग्रंथ टिकवलेल्या आपल्या देशातील प्रेक्षकाला हे दृश्य अनोळखी वाटणार नाही. त्रुफोचे उत्तर स्पष्ट आहे: सत्य एकट्याने बाळगायचे नसते, ते दुसऱ्याच्या स्वाधीन करायचे असते.

मायकेल अँडरसनच्या ‘लोगन्स रन’मध्ये (१९७६) नायक परत येतो. घुमटाखालच्या त्या विलासी शहरात कोणालाही तिशीपलीकडे जगू दिले जात नाही. पुनर्जन्माच्या आशेने लोक एका सार्वजनिक सोहळ्यात आनंदाने मरणाला सामोरे जातात. पळून जाणाऱ्यांचे एक गुप्त आश्रयस्थान आहे, असा समज आहे. ते नष्ट करण्यासाठी संगणक लोगनला बाहेर धाडतो. बाहेर आश्रयस्थान नसतेच; असते उद्ध्वस्त वॉशिंग्टन आणि मांजरांच्या सोबतीने राहणारा एक म्हातारा. लोगन परतून ‘असे स्थान नाही’ असे सांगतो, तेव्हा हे उत्तर संगणकाला पचत नाही आणि ती सर्वज्ञ यंत्रणा कोसळते. अखेरीस बाहेर पडलेले तरुण नागरिक त्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला कुतूहलाने स्पर्श करतात. माणूस म्हातारा होऊ शकतो, हेच त्या शहरापासून लपवलेले सत्य होते.

अर्थात प्रत्येकाला सत्य हवेच असते असे नाही. वाचोव्स्की भावंडांच्या ‘द मॅट्रिक्स’मधला (१९९९) सायफर खऱ्या जगातील खडतर जगण्याला कंटाळतो आणि आभासी जगातील चविष्ट मांसाच्या तुकड्यासाठी सोबत्यांना विकायला तयार होतो. त्या तुकड्याचे अस्तित्वच नाही, हे ठाऊक असूनही! त्याची फितुरी निंद्य असली, तरी त्याचा थकवा प्रेक्षकाला कळतो.

या सर्वांहून वेगळा आहे आंद्रेई तारकोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९). लष्करी पहाऱ्यातील ‘झोन’ या निषिद्ध प्रदेशात एक वाटाड्या एका लेखकाला आणि एका प्राध्यापकाला घेऊन जातो. तेथील एका खोलीत मनातील सर्वांत खोल इच्छा पूर्ण होते, अशी श्रद्धा आहे. बाहेरचे जग तपकिरी छटेत दिसते, झोन मात्र रंगीत आहे. वाटाड्याला घरासारखे वाटते ते तेथेच. प्रवासाअंती तिघे उंबरठ्यापर्यंत पोहोचतात, पण कोणीही आत पाऊल टाकत नाही. आपली खरी इच्छा कोणती, हे उघड होण्याची भीती त्यांना अडवते. अन्य चित्रपटांत सत्ता सत्य दडवते. येथे माणूसच त्याच्यापाशी येऊन थबकतो.

हा प्रश्न काही दिग्दर्शकांच्या वाट्याला प्रत्यक्षातही आला. ‘मेट्रोपोलिस’ (१९२७) घडवणाऱ्या फ्रिट्झ लांगच्या डॉ. माबुझेवरील चित्रपटावर १९३३ मध्ये नाझी सरकारने बंदी घातली आणि त्याच वर्षी त्याने जर्मनी सोडली. तारकोव्हस्कीने जुलै १९८४ मध्ये मिलान येथे सोव्हिएत संघात न परतण्याचा निर्णय जाहीर केला. त्याचा मुलगा मागे राहिला होता. त्याला देशाबाहेर जाण्याची परवानगी मिळाली ती वडिलांना कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाल्यावर, १९८६ च्या आरंभी. त्याच वर्षी २९ डिसेंबरला तारकोव्हस्की पॅरिसमध्ये मरण पावला. पुढे १९९० साली सोव्हिएत सत्तेने त्याला मरणोत्तर लेनिन पारितोषिक दिले. तेव्हा त्याला पॅरिसजवळच्या रशियन निर्वासितांच्या दफनभूमीत विसावून तीन वर्षे उलटून गेली होती.